भाकरीचा शेजार



वसंत व्याख्यानमालेचा मंच हा मोठ्या विषयांचा मंच समजला जातो. येथे इतिहासावर बोलले जाते, अर्थकारणावर बोलले जाते, संतवाङ्मयावर तर बोलावेच लागते. त्या पंगतीत आम्ही आज भाजी निवडण्याचा, डाळ शिजवण्याचा आणि भाकरी थापण्याचा विषय घेऊन उभे आहोत. यात संकोच वाटण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. इतिहास घडवणाऱ्यांनाही दोन वेळा जेवावे लागत होते आणि ते जेवण कोणीतरी रांधत होतेच. शिवाय दिवसही या विषयाला साजेसे आहेत. चैत्र-वैशाखात आपल्या बुलढाणा जिल्ह्यात विहिरी तळाला जातात, बाजारातील पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकते आणि घरोघरी सकाळी एकच प्रश्न विचारला जातो : आज भाजी काय?

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. शाकाहार श्रेष्ठ की मांसाहार श्रेष्ठ, या वादात आम्ही शिरणार नाही. ज्याने त्याने आपल्या रुचीप्रमाणे, ऐपतीप्रमाणे आणि श्रद्धेप्रमाणे खावे. परंतु आपल्याकडील फार मोठ्या समाजाचे रोजचे जेवण शाकाहारीच असते, मग घरात मांसाहार वर्ज्य असो वा नसो. मांसमच्छी खाणाऱ्या घरीही ती आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी होते, उरलेले दिवस भाकरी-भाजीवरच निघतात. म्हणून ती भाकरी आणि ती भाजी कशी असावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आपण सहज बोलून जातो : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. माती वेगळी, पाणी वेगळे, उन्हाची धगही वेगळी. तरी जुन्या ताटाची मांडणी दोन्हीकडे सारखीच होती. मध्ये ज्वारीची भाकर, कधी उडीद घालून दळलेल्या कळण्याची. शेजारी तुरीचे वरण किंवा बेसन. एका बाजूला अंबाडी, घोळ, चिवळ, माठ, तरोटा, हरभऱ्याचा पाला यांपैकी ऋतूप्रमाणे जे मिळेल ते. तोंडी लावायला जवसाची किंवा तिळाची चटणी, कांदा, हिरवी मिरची, आणि वर सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती.

शेगावच्या गजानन महाराजांना झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी प्रिय होती, अशी भक्तांची श्रद्धा आहे, आणि माघ वद्य सप्तमीला प्रकटदिनी घरोघरी हाच नैवेद्य होतो. वर्षातून एकदा आपण जे देवाच्या नावाने वाढतो, त्याकडे एकदा पोषणाच्या दृष्टीनेही पाहावे. ज्वारी हे तृणधान्य. तृणधान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो घटक डाळींत भरपूर असतो. उलट डाळींत जो मेथिओनिन नावाचा घटक कमी असतो, तो तृणधान्य पुरवते. म्हणजे भाकरीतील उणीव बेसन भरून काढते आणि बेसनातील उणीव भाकरी भरून काढते. पालेभाजीतून जीवनसत्त्वे आणि क्षार येतात. आंबटपणामुळे आणि ताज्या मिरचीतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्यातील व डाळीतील लोह शरीराला अधिक सुलभतेने घेता येते. हे ज्यांनी प्रथम शिजवले त्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नव्हते. पण पिढ्यान् पिढ्यांच्या जिभेने आणि पोटाने हा मेळ पारखून घेतला होता.

आता या ताटाचे पुढे काय झाले ते पाहू. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाऊन अनेकांनी दिवस काढले; येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ती चव आठवत असेल. त्यानंतरच्या काळात सोयाबीन आले आणि पाहता पाहता शिवार व्यापून बसले. या बदलाला आम्ही नावे ठेवत नाही, शेतकऱ्याला रोख पैसा हवा असतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्वारीच्या शेतात तुरीच्या ओळी असत, मूग-उडीद असे, धुऱ्यावर अंबाडी आणि बरबटी असे, आणि निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात घोळ, चिवळ, कुंजर घेऊन घरी येई. त्या भाजीला पैसे पडत नव्हते. आज त्याच शेतात तणनाशकाची फवारणी होते; तण जाते आणि तणाबरोबर भाजीही जाते. मग जी भाजी ओट्यातून येत होती, ती पिशवीतून, पैसे मोजून आणावी लागते. पैशाची ओढाताण झाली की घरातील माणूस सर्वांत आधी हात आखडतो तो भाजीवर, धान्यावर नाही. कारण धान्याने पोट भरते आणि भाजीने भरत नाही, असा आपला समज आहे.

त्यात धान्य मिळण्याची सोय झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. उपासमारीची धास्ती त्यामुळे पुष्कळ कमी झाली. परंतु त्या दुकानात भाजी मिळत नाही. परिणाम असा की, अनेक घरांत ताटातील धान्य शाबूत राहिले आणि त्याचा शेजार मात्र उठून गेला. भाकरी एकटी पडली. पुष्कळ ठिकाणी भाकरीही गेली आणि पोळी एकटी पडली.

एकटे पडणे किती धोक्याचे असते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्याने दिला. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून विलक्षण बातम्या येऊ लागल्या. धडधाकट माणसांचे केस हाताला येऊ लागले आणि काही दिवसांत डोक्याला टक्कल पडू लागले. त्यात लहान होते, मोठे होते, तरुण मुली होत्या. परिसरातील १८ गावांतील २७९ माणसांची नोंद झाली. पहिला संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर गेला. लोक शाम्पूच्या बाटल्या फेकू लागले. शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलींनी तोंड लपवावे, लग्नाची बोलणी थांबावीत, असे ते दिवस होते. विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास केला. रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस यांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे प्रमाण घटलेले त्यांना आढळले. त्यांचा निष्कर्ष असा की, हे सेलेनियम शिधावाटपातून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडील गव्हातून आले. तपासलेल्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात काहींची नखेही निसटू लागल्याच्या बातम्या आल्या.

या घटनेतून ‘शिधावाटपाचा गहू खाऊ नका’ असा धडा कोणी काढील तर तो चुकेल. लाखो लोक तो खातात आणि गरिबाच्या घरात तो नसेल तर काय होईल, हे सांगायला नको. धान्याची तपासणी नीट व्हावी, हे सरकारचे काम आहे आणि ते आपण मागितले पाहिजे. परंतु घराने घ्यायचा धडा निराळा आहे. सेलेनियम हे काही परके विष नव्हे; शरीराला ते लागते, पण दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अक्षरशः धुळीच्या कणाएवढे. एकच धान्य, एकाच ठिकाणचे, दोन्ही वेळा, महिनोन् महिने पोटात जात असेल, तर त्या धान्यात जे अधिक असेल ते अधिकच साठते आणि जे उणे असेल ते उणेच राहते. तेच धान्य ताटाच्या एका भागात असेल आणि उरलेल्या भागात ज्वारी, डाळ, भाजी, ताक असेल, तर दोषाची धार बोथट होते. विविधता ही चैन नसून घराने उतरवलेला विमा आहे, असे आम्हांला वाटते.

ज्वारीच्या भक्तांनीही येथे फार खूश होऊ नये. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दाखवून दिले की, दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा हा कातडीचा व पोटाचा विकार आढळतो. ज्वारीतील ल्युसिन या घटकाचे आधिक्य त्याला कारण असावे, असे त्यांनी मांडले. ते कारण पुढे सर्वांनाच मान्य झाले असे नाही. पण ज्याच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, भाजी, दूध-ताक होते, त्याला हा आजार सहसा होत नव्हता, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. म्हणजे गहू वाईट नाही आणि ज्वारी देव नाही. कोणतेही धान्य एकटे नसावे, एवढेच सूत्र.

दूरदेशीची एक गोष्ट या सूत्राला फार चांगली लागू पडते. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात, इराकमधील कुत या गावी इंग्रजांच्या सैन्याला तुर्कांनी वेढा घातला. आत गोरे शिपाई होते आणि हिंदी शिपाईही होते. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव आणि घोड्याचे मांस मिळे; त्यांच्यात बेरीबेरी पसरली, कारण मैद्यात कोंड्याबरोबरचे ‘ब’ जीवनसत्त्व नव्हते. हिंदी शिपायांना कोंड्यासहित आटा मिळे, त्यामुळे ते बेरीबेरीतून वाचले; पण पुष्कळांनी घोड्याचे मांस नाकारले आणि भाजीपाला तर कोणालाच नव्हता, म्हणून त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजल्या, जखमा भरून येईनात. एकाच तटबंदीच्या आत दोन ताटे आणि दोन रोग! त्याच काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक या विदुषी प्रयोग करीत होत्या. त्यांनी दाखवले की, कोरड्या कडधान्यात ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते, पण तेच भिजवून मोड आणले की ते तयार होते. म्हणून भाजी नसेल तेथे सैन्याला मोड आलेली कडधान्ये द्यावीत. कडधान्याला मोड आणणे ही गोष्ट आपल्या आजीला शिकवायला लंडनहून कोणी यावे लागले नसते. पण आजीला जे येत होते, ते नातसुनेला वेळेअभावी जमेनासे झाले आहे, म्हणून ही गोष्ट सांगितली.

येथून पुढे आपण प्रत्यक्ष स्वयंपाकघरात जाऊ. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली. साधारण काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध वा दही, थोडे शेंगदाणे-तीळ-जवस आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप असावे, असा त्यांचा हिशेब आहे. पाच माणसांच्या घरात याचा अर्थ दररोज दोन किलो भाजी! आता सभेत जी चुळबूळ झाली ती आम्ही समजू शकतो. वैशाखात दोन किलो भाजी रोज विकत आणणे सर्वांना झेपणारे नाही, हे आम्हांलाही कळते. पण आकडा झेपत नाही म्हणून दिशाही सोडून द्यावी, असे नाही. जेथे पाच जणांत पाव किलो वांगी शिजतात, तेथे अर्धा किलो शिजू लागली तरी मोठा पल्ला गाठला म्हणायचा.

मग उन्हाळ्यात काय करावे? पहिला उपाय मोडांचा. मटकी, मूग, बरबटी, हरभरा यांपैकी जे घरात असेल ते रात्री भिजवावे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावे. आपल्या उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात. फडके वाळू देऊ नये आणि वास बदलला तर ते धान्य वापरू नये. मोड आलेले कडधान्य फार वेळ शिजवू नये. झाकण ठेवून वाफेवर मऊ करावे आणि खाली उतरवल्यावर वरून लिंबू पिळावे. लहान मुलांना कच्चे देण्यापेक्षा असे वाफवलेले द्यावे. मोड आणल्याने ‘क’ जीवनसत्त्व वाढते, तसेच धान्यातील जो घटक लोह अडवून ठेवतो तो कमी होतो. त्या दिवशी बाजारात भाजी नसली तरी ताट उघडे पडत नाही.

दुसरा उपाय शेवग्याचा. शेवगा हे आळशी माणसाचे झाड आहे. फांदी रोवावी, पहिले वर्ष जपावे, पुढे ते आपल्याला जपते. शेंगा आपण आवडीने खातो आणि पाला बकरीला घालतो. वास्तविक पाला अधिक मोलाचा. जुन्या आहारकोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम पाल्यात सुमारे ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६ ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. कोवळा पाला मुगाच्या डाळीत घालावा, थालीपिठात मिसळावा, बेसनात पेरावा. धुण्याभांड्याचे पाणी, साबणाचे नव्हे, तर भाजी-तांदूळ धुतल्याचे, दारातल्या दोन वाफ्यांना दिले तर माठ, अंबाडी आणि सांबार उन्हाळ्यातही तग धरतात. त्यांच्यावर दुपारी जुन्या लुगड्याची सावली करावी.

तिसरा उपाय वाळवणाचा. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, गवार, करटुली हंगामात वाळवून ठेवण्याची आपली रीत आहे. मुगाच्या वड्या त्यातल्याच. वाळवल्याने ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ जाते, हे कबूल केले पाहिजे. पण लोह, कॅल्शियम आणि चोथा राहतो. कडक उन्हापेक्षा सावलीत, पातळ कापडाखाली वाळवलेला पाला हिरवा राहतो आणि त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा मूळ घटकही अधिक टिकतो. वाळल्या भाजीत शेवटी लिंबू पिळले किंवा शेजारी कच्चा कांदा व कैरी ठेवली की गेलेले बरेचसे परत येते.

चौथी गोष्ट सोयाबीनची. आपण ते पोत्यांनी पिकवतो, ट्रकांनी विकतो आणि तेलाच्या रूपाने डब्यांनी परत विकत आणतो. त्याच्यातील प्रथिने, दाण्याच्या वजनाच्या जवळजवळ ४० टक्के, आपल्या ताटात येतच नाहीत. मात्र कच्चे सोयाबीन दळून खाऊ नये. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो, तो उष्णतेने जातो. दाणे वीस मिनिटे चांगले उकळावेत, कडक वाळवावेत आणि नऊ किलो गहू किंवा ज्वारीमागे एक किलो या प्रमाणात दळणात घालावेत. चवीत फरक जाणवत नाही, अंगात जाणवतो.

आता शिजवण्याविषयी. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून पाण्यात घालून ठेवू नये. पाणी बेताचे, झाकण घट्ट, वेळ थोडा. उकळून पाणी ओतून देण्याची सवय सोडावी, ते वरणात घालावे. आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर रंग काळसर येतो, पण कढईतील लोह पोटात जाते; रंगासाठी ते सोडू नये. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोहाला अडवतो. तासाभराने खुशाल घ्यावा. दूध, दही, ताक हे शाकाहारी माणसाने सोडू नये, कारण ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व पाल्यात किंवा डाळीत नाही; ज्यांना तेही परवडत नाही किंवा मानवत नाही, त्यांनी वैद्याला विचारून गोळी घ्यावी.

या सर्व नियमांना घाटाखाली एक अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांतील अनेक गावांचे भूजल खारे आहे आणि तेथे मूत्रपिंडाच्या आजाराने कित्येक घरे गांजली आहेत. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून बाया चिमूटभर सोडा टाकतात. सोड्याने डाळ मऊ होते, पण ‘ब’ आणि ‘क’ जीवनसत्त्वांचा नाश होतो आणि अंगात सोडियमची भर पडते. त्याऐवजी डाळ रात्री गोड्या पाण्यात भिजवावी आणि शिजवण्यापुरते तरी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी राखून ठेवावे. मीठ माणसी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढेच पुरे असे आहारशास्त्र सांगते. जेथे पाणीच खारे, तेथे पापड, खारोड्या आणि लोणचे यांवर हात आवरलाच पाहिजे. आणि ज्याची मूत्रपिंडे आजारी आहेत त्याच्यासाठी आमचा पाणी न फेकण्याचा नियम उलटा करावा. त्याची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे भाजीतील पोटॅशियम उतरते. त्याने डाळ किती घ्यावी, फळ कोणते घ्यावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. शेजारणीला किंवा आमच्यासारख्या व्याख्यात्यांना विचारून ठरवू नये. एकाच चुलीवर दोन माणसांसाठी दोन रीती पाळाव्या लागतात. अशा घरातील गृहिणीचे कष्ट आपण ओळखले पाहिजेत.

तेलाचाही हिशेब एकदा करून टाकू. माणसी २७ ग्रॅम म्हणजे पाच जणांना महिन्याला चार किलो. आपला डबा किती दिवसांत संपतो, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे. शेगावच्या कचोरीचे काय, असे कोणी विचारील. कचोरी ही पाहुणी आहे. पाहुण्याचे स्वागत मोकळ्या मनाने करावे, पण त्याला घरात कायमचा मुक्काम देऊ नये.

इथवर जे बोललो ते बहुतेक भगिनींना उद्देशून झाले, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. आठवडी बाजाराची पिशवी पुष्कळ घरांत पुरुषाच्या हाती असते आणि ती आलू-कांद्याने लवकर जड होते. पालेभाजी निवडायला लागते, टिकत नाही, म्हणून ती राहून जाते. बंधूंनी पिशवीत दोन जुड्या आणाव्या आणि बसल्या बसल्या निवडूनही द्याव्या. बातम्या ऐकताना हात मोकळेच असतात.

शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. दोघींपैकी एकीहून अधिक! या आकड्याची कारणे अनेक आहेत. बाळंतपणे आहेत, जंत आहेत, कष्ट आहेत. पण एक कारण आपल्या पंगतीत बसलेले आहे. आपल्याकडे आधी पुरुष जेवतात, मग मुले जेवतात, मग सासूबाई जेवतात आणि रांधणारी शेवटी बसते. तोवर भाजीचे भांडे निपटलेले असते. ती भाकरी तिखटाशी खाते, किंवा तळाच्या रश्शात बुडवून खाते, आणि विचारले तर ‘झाले माझे’ म्हणते. आपण दोन तास ज्या शेजाराविषयी शास्त्र सांगतो, तो भाकरीचा शेजार जिने तयार केला तिच्याच ताटातून रोज गायब असतो. अशा घरात दोन किलो भाजी आणली तरी तिच्या रक्ताला काय लाभ?

याला औषधही लागत नाही आणि पैसाही लागत नाही. पंगत बसण्याआधी जितकी माणसे तितक्या वाट्या मांडाव्या, भाजी आणि डाळ सर्व वाट्यांत सारखी भरावी, आणि तिची वाटी झाकून बाजूला ठेवावी. कोणी मागून घेतले तर भांड्यातले उरलेले घ्यावे, झाकलेली वाटी उघडू नये. गरोदर सून असेल, वयात येणारी मुलगी असेल, तर तिची वाटी थोडी मोठी असावी. शक्य असेल तेथे सर्वांनी एकदमच जेवायला बसावे, हे तर उत्तमच.

आमची एवढीच विनंती आहे की, आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. त्यावर आपण दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब लिहितोच. पुढचे पंधरा दिवस त्याच चौकोनात एक शब्द अधिक लिहावा : घरात शेवटी जेवणाऱ्या माणसाने आज कोणती भाजी खाल्ली. तो शब्द पुरुषांनी लिहावा, म्हणजे विचारणे भाग पडेल. पंधरा दिवसांनी त्या चौकोनांकडे पाहिले म्हणजे आपल्या घराचे आरोग्य कोठे उभे आहे, हे सांगायला कोणा व्याख्यात्याची गरज उरणार नाही.